डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

ज्या वर्षी माझ्या वडिलांची नजर गेली, त्या वर्षी मी ग्राफिक्स कार्ड निवडत होते. बरेच दिवस मी हे दोन वेगळ्या वाक्यांत सांगायचे, जणू दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. तशा त्या घडल्या नाहीत. पहिली दुसरीमुळे इतकी वाढली. म्हणून आता एकाच वाक्यात सांगते, आणि ऐकणाऱ्याला माझा राग आला तर येऊ देते.

ज्यांना हे कार्ड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारी ती वीतभर लांब, जाडजूड वस्तू. तिला दोन-तीन पंखे असतात. खेळाचं चित्र पडद्यावर काढत राहायचं हे तिचं काम. एका सेकंदात ती जितकी चित्रं काढते, त्यांना फ्रेम म्हणतात. साठ निघाली तर डोळ्याला सगळं सलग वाटतं, वीस निघाली तर चित्र ठेचकाळत चालतं. फार महागडं कार्ड घेणारे माझ्या मते उधळे आणि फार स्वस्त घेणारे भोळे. मी मधल्या कार्डांची माणूस. किमतीला फ्रेमनं भागायचं, एक फ्रेम केवढ्याला पडली ते काढायचं, आणि मग बोलायचं. मंचरला एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवते, राहते निरगुडसरला आईवडिलांकडे. कॉलेजात असल्यापासून खेळते. बाई असून बंदुकीचे खेळ खेळते म्हणून आधी लोक हसायचे, मग हळूहळू तेच विचारायला यायला लागले की मॅडम, ह्या बजेटमध्ये कुठलं घेऊ. माझ्या सांगण्यावरून कार्ड घेऊन कुणाला पस्तावायला लागलं नाही, ही माझी मिजास होती. मिजासच म्हणते, दुसरा शब्द नको.

वडील एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते सांगायचे आणि आई मागून म्हणायची, "एक आली व्हती, नारायणगावाजवळ." रिटायर झाल्यावर त्यांचं कशात मन लागेना. ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून क्लच गेलाय की सायलेन्सर हे सांगायचे. दोन महिने ते ऐकून मी वैतागले, आणि जुनं वापरलेलं एक स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल असा संच मिळवून माझ्या कॉम्प्युटरला जोडला. बस चालवायचा एक खेळ आहे, त्यात कुणा हौशी माणसानं आपल्याकडचे रस्ते बसवले होते. पेठ, अवसरीचा घाट, मंचर, कळंब, सगळं ओळखीचं, फक्त जागोजाग चुकलेलं.

"ह्यो पंप हिकडं कशापायी टाकला येड्यानं?" आण्णा पहिल्याच दिवशी ओरडले. "ह्यो त्या अंगाला व्हता!"

पण बसले ते बसलेच. रोज सकाळी दहाला, आंघोळ-चहा आटोपून, घरातला पायजमा काढून फुलपँट घालून ते बसायचे. पायजम्यावर गाडी चालवणं त्यांना पटत नव्हतं. पेठच्या थांब्यावर गाडी उभी करून थोडा वेळ थांबायचे, कारण म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ लागतो. खेळात तिथं कुणी चढत नव्हतं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "सुटली का गाडी?" आणि ते म्हणायचे, "सुटली." मला वाटतं त्या दोघांचं इतकं बरं बोलणं नोकरीच्या काळात कधी झालं नसेल.

आखाडात एके दिवशी ते म्हणाले, "पोरी, डावीकडनं गाड्या एकदम उगवत्यात गं. न्हाईत न्हाईत म्हणताना म्होरंच."

मी त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. माझं कार्ड तेव्हा जुनं झालं होतं, मेमरी अपुरी, त्यामुळं लांबची झाडं खरोखरच आधी दिसत नसत आणि जवळ गेलं की टपकन उभी राहत. पाट्या धूसर. डोंगराच्या जागी नुसतं करडं ठिगळ. मला ते दिसलं आणि मी निकाल देऊन टाकला. "कार्डाचं आहे आण्णा. हलकं पडतंय."

"हां, कार्ड हलकं हाय तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते मी नीट पाहिलं होतं. मला वाटलं, नवं कार्ड येणार म्हणून खूश झाले. आज वाटतं, त्यांना आतून दुसरी कसली तरी भीती असणार आणि मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. माणसाला आपल्या डोळ्याची शंका आली होती, आणि घरातल्या जाणत्या लेकीनं त्याला सांगितलं की दोष डब्यात आहे.

आता तीन बाजारांचं सांगायला हवं. आमचं घराणं मेंढरांचं. चुलत्यांकडे अजून आहेत, आमच्याकडे आण्णा स्टिअरिंगवर गेले आणि मेंढरं सुटली, पण रीत सुटली नाही. आमच्यात जनावर तीन बाजार पाहिल्याशिवाय घेत नाहीत. पहिल्या बाजाराला नुसतं लांबून बघायचं, भाव विचारायचा नाही. दुसऱ्या बाजाराला अंगाला हात लावायचा, दात बघायचे, भाव विचारायचा आणि हसून घरी यायचं. पैसे तिसऱ्या बाजाराला. मधेच कुणी नेलं तर ते आपलं नव्हतं. आजोबा बेल्ह्याच्या बाजारात एका एडक्यासाठी असे तीन सोमवार गेले होते, ती गोष्ट आमच्या घरात कितीदा सांगून झाली असेल. आमच्याकडे लग्नाचं स्थळ, मोटारीचा पंप, आईचा मिक्सर, सगळं तीन बाजारांनीच आलं. माझं एक लग्न मोडलं तेव्हासुद्धा चुलते म्हणाले होते की दोनच बाजारांत उरकलं म्हणून.

कार्डाला आठवडी बाजार नसतो. मग मी माझे बाजार ठरवले. आखाडात लांबून बघायचं, दसऱ्याला हात लावायचा, आणि सव्वीस जानेवारीला जे सगळीकडे सेल लागतात तेव्हा घ्यायचं. आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय. घाई कशाला? खेळच तर हाय."

मंचरला ज्या दुकानातून मी सामान घेते त्या शेठचे आजोबा मारवाडातून आले आणि भांडी विकायचे. हा नातू कॉम्प्युटरचे भाग विकतो आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. त्याच्याकडे मधल्या किमतीची दोन कार्डं होती. एक थोडं स्वस्त, कमी मेमरीचं. दुसरं थोडं वर, पण मेमरी दीडपट. मी काचेबाहेरून दोन्ही खोके पाहिले.

"ताई, दुसरं न्या," तो म्हणाला. "तुम्हाला मी काय सांगायचं? पण आज न्या. ही वस्तू पुढं स्वस्त होईल असं मला वाटत नाही."

"बघते," मी म्हणाले. भाव विचारला नाही. आमच्यात पहिल्या बाजाराला विचारत नाहीत.

श्रावण-भाद्रपद असाच गेला. मी रोज संध्याकाळी चाचण्यांचे व्हिडिओ बघायचे, आकडे वहीत उतरवायचे. दोन्ही कार्डांची सरासरी, दोन्हींचे सगळ्यांत खाली घसरलेले आकडे, पंख्यांचा आवाज, किती तापतं, किती वीज ओढतं. घरात त्याच दिवसांत दुसऱ्या काही गोष्टी घडत होत्या, त्या कुठल्याच वहीत नाहीत. आण्णांच्या पायानं पाण्याचा तांब्या दोनदा लवंडला. गोठ्याच्या दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. गणपतीत आरतीचं ताट डाव्या बाजूच्या माणसानं पुढं केलं तर हे तसेच हात जोडून उभे, ताट पुढं गेलं.

आई म्हणाली, "ह्यांच्या डोळ्यांचं कायतरी बघा बाई."

मी म्हणाले, "आई, ते चष्म्याशिवाय पेपर वाचतात. काल तुझ्या सुईत दोरा ओवून दिला. डोळ्यांना काय धाड भरलीय?"

हे खरंच होतं. बारीक अक्षर त्यांना स्वच्छ दिसायचं. औषधाच्या बाटलीवरची तारीख ते मला वाचून दाखवायचे. त्या आजाराची हीच लबाडी असते हे मला नंतर कळलं. तो समोरचं शेवटपर्यंत शिल्लक ठेवतो आणि कडेनं कुरतडत येतो, आणि ज्याला होतो त्यालाही पत्ता लागू देत नाही. पण आईला पत्ता लागला होता. ज्या बाईला माउस धरता येत नाही तिला जे दिसलं ते मला दिसलं नाही, आणि मी तिला गप्प केलं.

दसऱ्याच्या आधी शेठनं मला दुकानात बसून चाचणी घेऊ दिली. दुपारचे तीन तास. दोन्ही कार्डं आळीपाळीनं बसवून मी तोच अवसरीचा घाट प्रत्येकावर तीन तीनदा उतरले, तीच बस, तोच वेग. स्वस्त कार्ड सरळ रस्त्यावर छान पळायचं आणि वळणावर अडखळायचं. दुसऱ्यावर घाट एकदाही अडखळला नाही. घाटाच्या तोंडाशी आल्यावर खालची शेतं पार कडेपर्यंत दिसली, उसाचे पट्टे वेगळे, झाडं आधीपासून आपापल्या जागी उभी. मी जरा वेळ बस बाजूला घेऊन नुसती बघत बसले. आण्णांनी हे बघावं असं फार वाटलं.

"झालं ना समाधान?" शेठनं विचारलं. "बांधू?"

मी भाव विचारला, हसले, आणि म्हणाले, "जानेवारीत नेते."

त्यानं खोका हातात तसाच धरला. "तुमच्या वडिलांसाठी हवंय ना हे?"

"हो."

"मग?"

मला राग आला. सेलमध्ये किमती किती उतरतात, दिवाळीनंतर काय होतं, घाईनं घेणारे कसे बुडतात, हे सगळं मी त्याला त्याच्याच दुकानात ऐकवलं. तो ऐकून घेत होता. कार्ड माझ्या हातात आलं होतं, तपासून झालं होतं, पसंत होतं, आणि मी ते परत काचेमागे ठेवायला लावलं. त्या दिवशी घरी आणलं असतं तर आण्णांना त्याच आठवड्यात बसवलं असतं, आणि जे मला फेब्रुवारीत कळलं ते दसऱ्यालाच कळलं असतं. मी हे गणित किती वेळा केलंय ते सांगत नाही.

दिवाळीनंतर सगळीकडे मेमरी महागली आणि तिच्याबरोबर कार्डंही. माझा तिळपापड झाला. दोष शेठचा नव्हता, पण मी त्याच्याशी फोनवर तिरकसच बोलले. क्लासच्या ग्रुपवर लिहिलं की आत्ता कार्ड घेणं शुद्ध मूर्खपणा आहे, सगळ्यांनी थांबा. लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले. घरी आण्णांची गाडी आता ताशी तीसच्या वर जात नव्हती. ते पडद्याच्या फार जवळ सरकून बसायचे, आणि सारखी मान डावीकडे वळवायचे.

"आण्णा," मी हसत म्हणाले, "मान वळवून काय बघताय? डावीकडे भिंत आहे. सगळा रस्ता समोरच आहे."

"सवय गं," ते म्हणाले, आणि मान वळवायची बंद केली. माझ्या हसण्याला लाजून बंद केली. ते माझ्यानं विसरवत नाही. रस्त्याचा नाहीसा झालेला तुकडा तो माणूस मान वळवून शोधत होता, आणि मी त्याची चेष्टा करत होते.

पौषात एका सकाळी डेअरीत दूध घालून येताना ते शेजाऱ्यांच्या उभ्या मोटारसायकलला धडकून पडले. गुडघा सोलवटला, किटली लांब गेली. "मधीच कशाला लावली रं!" ते ओरडले. मोटारसायकल मध्ये नव्हती. रोज असते तिथंच होती, रस्त्याच्या डाव्या कडेला. मी काय केलं असेल? मी शेजाऱ्यांशी भांडले. कमरेला ओढणी खोचून अर्धा तास भांडले की म्हातारी माणसं येतात-जातात, तुम्हाला गाड्या लावायची अक्कल नाही का. शेजारीण बिचारी गाडी आत घेऊन गेली. त्या भांडणात मी जितका वेळ घालवला त्याच्या चौथ्या हिश्श्यात मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचता आलं असतं.

सव्वीस जानेवारी आली. भाव उतरला नाही. पण तिसरा बाजार आला की पैसे टाकायचे, त्याला आमच्यात पर्याय नाही. दसऱ्याच्या भावापेक्षा बरंच वर देऊन मी तेच कार्ड आणलं, जे दसऱ्याला हातात होतं. शेठनं पावती फाडली. कॉम्प्युटरचा बाकी डबा त्या कार्डापुढं केविलवाणा दिसत होता. नाकापेक्षा मोती जड, असं आईसुद्धा म्हणाली. नवं कार्ड वीज जास्त ओढतं म्हणून पॉवर सप्लाय बदलावा लागला, त्यात आणखी आठवडा गेला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी कार्ड बसवलं. आधी मी एकटीनं घाट उतरून पाहिला. सरासरी नव्वदच्या पुढं, खाली कुठंही साठच्या आत नाही, पंखे गुपचूप. माझी निवड बरोबर होती. हे मुद्दाम लिहिते, कारण तेवढीच एक गोष्ट बरोबर होती.

आण्णा फुलपँट घालून आले. आई चहा घेऊन दारात थांबली. पेठच्या थांब्यावरून गाडी सुटली.

"आयला, लई झ्याक!" ते म्हणाले. "पार लांबचं दिसतंय की. त्यो बघ डोंगूर." त्यांचा आवाज चढला होता. मी आईकडे पाहिलं, ती हसत होती. मला त्या क्षणी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

घाट उतरला, मंचर जवळ आलं. डाव्या हाताच्या रस्त्यानं एक मोटारसायकल येताना मला दिसली. लांबूनच दिसली. झाड मध्ये नव्हतं, धूळ नव्हती, चित्र आरशासारखं स्वच्छ. ती येत होती, येत होती, मी मनात म्हणाले आता आण्णा ब्रेक मारतील. त्यांनी मारला नाही. धडक बसली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली.

"बघ!" आण्णा माझ्याकडे वळले. "आला का न्हाई एकदम? तुझं ह्ये बी कार्ड हलकंच निघालं!"

खेळात मागं जाऊन तेच पुन्हा बघता येतं. मी पाहिलं. मोटारसायकल वळणापासून धडकेपर्यंत सबंध वेळ पडद्यावर होती. मी पुन्हा पाहिलं. आखाडापासूनचा एकेक तांब्या, एकेक चौकट, ती किटली, ते आरतीचं ताट, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"आण्णा, समोर बघा. माझ्या नाकाकडे बघा. मान हलवू नका."

मी माझा हात त्यांच्या डाव्या कानापाशी नेला आणि बोटं हलवत हळूहळू पुढं आणली. कानापासून गालापर्यंत, गालापासून जवळजवळ नाकापर्यंत. ते माझ्याकडे शांत बघत होते.

"काय करतीस?" त्यांनी विचारलं. "बोल की."

हात त्यांच्या चेहऱ्यासमोर होता. आईनं चहाचा पेला जमिनीवर ठेवला आणि तिथंच दारात बसली.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी डोळ्यातला दाब मोजला. मग एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर बसून मला बटणाचा आवाज ऐकू येत होता. फार थोड्या वेळा आला. कागद आला त्यावर दोन गोल होते आणि ते कडेनं काळे झाले होते. डावा तर मधला रुपयाएवढा भाग सोडून सगळा काळा, उजवाही निम्म्याच्या वर. काचबिंदू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सात महिने घातला होता.

"कधीपासून त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आखाडापास्नं," आण्णांनी सरळ सांगितलं. "डावीकडनं गाड्या उगवायच्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तेव्हा का नाही दाखवलंत?"

"आम्हाला ग्राफिक्स कार्डाचं वाटलं," मी म्हणाले.

त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्या खोलीत, तो काळा कागद टेबलावर असताना, मला ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं. मेमरी कमी असली की लांबच्या वस्तू उशिरा दिसतात, म्हणून आम्ही चांगलं कार्ड बघत होतो, भाव उतरायची वाट बघत होतो. रोज शिकवते ते वाक्य न् वाक्य. डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. म्हणाले, नस वाळलीय, गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं बघू. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. एवढं सांगून त्यांनी थेंब लिहून दिले.

परतीच्या गाडीत आण्णा खिडकीशी बसले. नारळपाणी घ्या म्हटलं तर नको म्हणाले. राजगुरुनगर मागं पडल्यावर बोलले. "एडका घेताना आमी पयला त्येच्या डोळ्याकडंला हात हालवून बघायचो. पापणी हालली तर पैसं द्यायचं. सोताच्या बाबतीत ध्यानातच न्हाई आलं बघ."

मी रडायला लागले तर म्हणाले, "तुझी काय चूक? मीच म्हणलो व्हतो, घाई कशाला."

त्यांना वाटलं ह्यानं मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. एवढं शिकून, एवढी चिकित्सा करून, मी त्यांना त्यांच्याच एका वाक्याच्या आड लपू दिलं आणि स्वतःही लपले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसे आता थेंब सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून पडतात, डाव्या अंगाच्या सगळ्या चौकटींना मी पांढरा रंग दिलाय, तांब्या उजवीकडे ठेवायचा हे आईनं ठरवलंय. मार्चमध्ये पुन्हा कागद काढला तर उजवा आणखी काळा झाला होता. थेंब चालू असतानाही. डॉक्टर म्हणाले, काहींचं असं होतं.

कुणी आता विचारलं की कुठलं कार्ड घेऊ, तर मी उत्तर देत नाही. आकडे मला अजून सगळे पाठ आहेत.

त्या रविवारपासून आण्णा स्टिअरिंगवर बसले नव्हते. मोटारसायकलवाल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. खेळातला होता, पण त्यांच्या लेखी ती त्यांची पहिली धडक. मला ते सहन होईना. मी खेळाच्या आत जाऊन रस्त्यावरच्या गाड्या शून्य केल्या. पायी चालणारे शून्य. जनावरं शून्य. मग एके सकाळी त्यांच्या मागं लागले, एकदाच बसा, माझ्यासाठी बसा. ते बसले. घाट अगदी हळू उतरले, कारण तो त्यांच्या हातांना पाठ आहे. मंचर आलं, चौक आला, पुढं गेला. कळंबच्या अलीकडे त्यांनी विचारलं.

"रस्त्याला कुणीच कसं न्हाई गं?"

"सकाळ आहे ना आण्णा."

"मंचरच्या चौकात? सकाळी?"

आमच्या घरात तोवर तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनीसुद्धा नाही.

"मी आंधळा झालो," ते म्हणाले, "म्हणून तू माणसं काढून टाकलीस व्हय?"

त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. बस गिअरमध्येच होती. ती हळूहळू डावीकडे सरकत गेली, डांबर सोडलं, आणि खाली शेतात उतरली. त्यांना ते दिसलं नाही. मला दिसत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही.